भोग कोणाचे, कर्म कोणाचे

रणांगणावर देह ठेवणाऱ्या योद्ध्याची पारलौकिक व्यवस्था आपल्या धर्मग्रंथांनी मोठ्या औदार्याने लावून ठेवलेली आहे. मारला गेलास तर स्वर्ग आणि जिंकलास तर पृथ्वी, असे दोनच पर्याय गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनापुढे ठेवले गेले; सन्मुख युद्धात पडलेल्या वीराला सुभाषितकारांनी योगयुक्त संन्याशाच्या पंक्तीला बसवून सूर्यमंडळ भेदून जाण्याचा अधिकार दिला; आणि ज्यांचा आपल्या परंपरेशी काडीचा संबंध नाही अशा समाजांनीही आपापल्या परीने हीच तजवीज केली, कारण तरुण मुलांना मरणाच्या तोंडी द्यायचे तर त्या मरणाला काहीतरी मोबदला लावून द्यावाच लागतो. या सर्व बंदोबस्तात एका माणसाची सोय मात्र कोणत्याच धर्मशास्त्राने केलेली दिसत नाही. तो मेलेला नसतो आणि जिंकलेलाही नसतो; त्याच्या फुप्फुसात एके दिवशी विषारी वायू शिरलेला असतो आणि त्यानंतरची वीस-तीस वर्षे तो उशांवर उशा रचून, अर्धवट बसून, श्वासाची वाट पाहत रात्री काढतो. त्याला वीरगती मिळाली असे म्हणता येत नाही, तो सुखरूप परतला असेही म्हणवत नाही.

असा एक माणूस आपल्याच सैन्यातला होता. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र गावाच्या आघाडीवर जर्मन सैन्याने पाच हजारांहून अधिक नळकांड्यांतून सुमारे दीडशे टन क्लोरीन वाऱ्यावर सोडला. त्यानंतर चारच दिवसांनी त्याच रणभूमीवर हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनला पुढे घालण्यात आले, आणि तेथे जमादार मीर दस्त या पठाण अधिकाऱ्याने स्वतः वायूने ग्रासलेला असताना आपल्या तुकडीची उरलीसुरली माणसे गोळा केली, खंदक धरून ठेवला आणि जखमींना सुरक्षित स्थळी पोचविले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तोही ब्रायटनच्या राजवाड्यात थाटलेल्या इस्पितळाच्या आवारात खुद्द बादशहाच्या हातून. परंतु त्या इस्पितळातून त्याने धाडलेल्या पत्राचा आशय असा की, पदक फार चांगली वस्तू आहे हे खरे, पण हा वायू मला क्षणभर चैन पडू देत नाही, त्याने माझा निकाल लावला आहे. हे पत्र सेन्सॉरच्या कचेरीतून गेले म्हणूनच त्याची नोंद दप्तरात राहिली. मीर दस्त 1945 साली वारला. पत्रात त्याने केलेला निकालाचा उल्लेख आणि त्याचा मृत्यू यांच्यामध्ये तीस वर्षे गेली, आणि त्या तीस वर्षांविषयी बोलण्यासाठी ज्या प्रकारच्या कवितेची गरज असते ती कविता आपल्यापाशी आहे काय, हा माझ्यापुढील प्रश्न आहे.

शस्त्राच्या स्वभावात जो पालट झाला तो येथे नीट लक्षात घ्यावयास हवा. तलवारीची जखम माणसाला मारते किंवा भरून येते, आणि भरून आली म्हणजे तिचा व्रण अंगावरच्या अलंकारासारखा मिरवता येतो. 1917 च्या जुलैमध्ये त्याच ईप्रच्या परिसरात जो मस्टर्ड वायू प्रथम वापरला गेला, त्याची रीत अगदी वेगळी. वस्तुतः तो वायूही नव्हे. ते एक तेलकट द्रव्य आहे, त्याला लसणीचा किंवा मोहरीचा उग्र दर्प येतो, आणि ते अंगावर पडले त्या घटकेला विशेष काही दुखत नाही. चार-सहा तास लोटतात, मग डोळे चिकटतात, काखेत आणि जांघेत, म्हणजे जेथे घाम असतो तेथे, मोठमोठे फोड उठतात, श्वासनलिकेचे अस्तर सुटून येते. ते पेशीच्या अगदी आतल्या बीजद्रव्याला चिकटते, म्हणून त्याचा अंमल लढाई संपल्यावर संपत नाही. 28 जून 1987 रोजी इराकी विमानांनी इराणच्या सरदश्त गावावर हेच द्रव्य टाकले, तेव्हा वाचलेल्यांपैकी कित्येकांची दृष्टी काही काळाने परत आली. आणि पुढे पंधरा-वीस वर्षांनी, आता सर्व ओसरले असे वाटत असताना, डोळ्यांचे पटल पुन्हा गढूळ होऊ लागले. तहनामे झाले, सरहद्दी पूर्ववत आखल्या गेल्या, परंतु त्या देहांपुरती युद्धबंदी कधी झालीच नाही.

या अस्त्राची पहिली मोठी कविता ज्याने लिहिली तो विल्फ्रेड ओवेन, सैन्यात शिरण्यापूर्वी डन्सडेन नावाच्या खेड्यात तेथील धर्मोपदेशकाच्या हाताखाली काम करणारा एक श्रद्धाळू तरुण होता, आणि ते काम सोडताना त्याची श्रद्धा बरीच डळमळली होती. 1917 च्या ऑक्टोबरात एडिंबराच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात, आघाडीवरून आणलेल्या मनोरुग्ण अधिकाऱ्यांमध्ये राहून, त्याने ‘डल्से एत डेकोरम एस्ट’ या कवितेचा पहिला मसुदा केला. कवितेचे शीर्षक रोमन कवी होरेसच्या ओडमधून घेतलेले. देशासाठी मरण्याची गोडी गाणारी ती लॅटिन ओळ 1913 साली सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयातील प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर कोरण्यात आली होती, म्हणजे इंग्लंडच्या सैन्याधिकाऱ्यांना ती ईश्वराच्या साक्षीने पढविली जात होती. कवितेतला प्रसंग लहानसा आहे. थकून वाकलेली, रक्ताळलेल्या पायांनी ओढत चाललेली एक तुकडी माघारी येत आहे. वायू आल्याची ओरड होते. सर्वजण धडपडत मुखवटे चढवतात, एकाला मात्र उशीर होतो. कवी त्याला स्वतःच्या मुखवट्याच्या हिरवट काचेतून, समुद्राच्या तळाशी बुडणारा माणूस दिसावा तसा पाहतो. येथपर्यंत सारे भूतकाळात घडते, आणि मग केवळ दोन ओळींचे एक कडवे येते, ज्यात तो माणूस कवीच्या स्वप्नांत अजूनही रोज त्याच्याकडे झेपावतो आहे. कविता वाचताना मला नेहमी वाटते की, तिचे सर्व सामर्थ्य या दोन ओळींत साठलेले आहे; तिच्या शेवटी देशभक्तीच्या खोट्या वचनावर जो प्रसिद्ध प्रहार आहे तो या ओळींवाचून पोकळ ठरला असता. वायूने एकाला गाडीवर घालून नेले आणि दुसऱ्याच्या झोपेत कायमचे ठाण मांडले. दोघेही त्याच अस्त्राचे बळी आहेत, आणि दुसरा ते सांगण्यासाठी जिवंत आहे एवढाच काय तो फरक.

ओवेन 4 नोव्हेंबर 1918 रोजी साम्ब्र कालव्यावर मारला गेला, आणि मृत्यूची तार त्याच्या आईच्या हाती पडली त्या दिवशी, 11 नोव्हेंबरला, युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत होत्या. पुढे 1920 साली तिने रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहून कळविले की, अखेरचा निरोप घेताना मुलाने समुद्राकडे पाहत ‘गीतांजली’तील निरोपाचे शब्द म्हटले होते, आणि त्याच्या टिपणवहीतही ते शब्द रवींद्रनाथांच्या नावानिशी सापडले. त्या शब्दांत जगाविषयी तक्रार नाही, पाहिलेल्या सर्वाविषयीची कृतज्ञता आहे. ज्या माणसाने वायूने फुटलेल्या फुप्फुसातले रक्त कवितेत आणले, त्यानेच जाताना ही कृतज्ञता जवळ बाळगावी, यात मला विसंगती दिसत नाही. ज्याला जग सुंदर वाटत नाही त्याला विषाचा संताप तरी का यावा?

त्याच युद्धातली व्हेरा ब्रिटन ही परिचारिका स्वतः कवयित्री. फ्रान्समधील एताप्ल येथील छावणी-इस्पितळात मस्टर्डने भाजलेल्या सैनिकांची शुश्रूषा करीत असताना तिने आईला लिहिले की, जे लोक याला पवित्र युद्ध म्हणतात त्यांनी एकदा येथे येऊन डोळे चिकटलेली, फोडांनी भरलेली, घसा मिटतो आहे असे कुजबुजणारी ही माणसे पाहावीत. युद्धाला धर्माचे नाव देण्याची खोड केवळ युरोपची नव्हे. सद्दाम हुसेनच्या राजवटीने 1988 साली कुर्द खेड्यांचा जो पद्धतशीर उच्छेद केला, त्या मोहिमेला कुराणाच्या आठव्या सूरेचे, ‘अन्फाल’ हे नाव देण्यात आले होते. होरेसची ओळ प्रार्थनामंदिरात कोरणारे आणि सूरेचे नाव वायूबॉम्बच्या मोहिमेला देणारे एकमेकांना ओळखतही नव्हते. परंतु विष सोडणाऱ्या हाताला पवित्र शब्दांचा हातमोजा लागतो, हे दोघांनाही ठाऊक होते.

आपल्याकडे काय आहे ते पाहू. मराठी रणकाव्य म्हणजे पोवाडा, आणि अज्ञानदासाच्या अफजलखानवधापासून त्याचा धर्म वीराच्या पराक्रमाचे कीर्तन हाच राहिलेला आहे. पानिपतानंतर जे सांकेतिक पत्र आले त्यात मनुष्यहानीची मोजदाद मोती, मोहरा आणि खुर्द्याच्या भाषेत केलेली होती. त्या पत्रात गळालेल्यांची नोंद आहे, पण घायाळ होऊन जन्मभर अंथरुणाला खिळलेल्यांना त्या जमाखर्चात रकाना नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत मर्ढेकरांनी यंत्रयुगातील स्वस्त मरणाला मराठी कवितेत जागा करून दिली हे त्यांचे मोठे ऋण आहे, तरी सरत नाही अशा युद्धाची कविता मराठीत क्वचितच लिहिली गेली.

कवितेने जे केले नाही ते महाकाव्याने मात्र केले होते. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा गवताची काडी अभिमंत्रून ब्रह्मशिर अस्त्र सोडतो. व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र परत घेतो, आणि अश्वत्थाम्याला ते परत घेता येत नाही म्हणून तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. व्यासांनी त्या प्रसंगी एक गोष्ट सांगून ठेवली आहे: ज्या भूमीवर हे अस्त्र दुसऱ्या अस्त्राने निवारले जाते तेथे बारा वर्षे पाऊस पडत नाही. न जन्मलेल्या बालकांवर रोखलेले शस्त्र आणि कित्येक वर्षे नापीक राहणारी जमीन, या दोन्ही गोष्टी त्या प्राचीन कवीला एकाच अस्त्राच्या अंगी दिसल्या. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात विषदिग्ध बाणांचा निषेध स्पष्ट शब्दांत आहे, आणि त्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हेही वाचावे की, कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे चौदावे अधिकरण प्राणघातक आणि आंधळे करणाऱ्या धुरांच्या कृतींनी भरलेले आहे, आणि हे प्रयोग अधार्मिकांवर करावेत अशी परवानगी तेथे आरंभीच दिलेली आहे. अधार्मिक कोण हे विष बाळगणाऱ्यानेच ठरवावयाचे! ही एक पळवाट उघडी ठेवली की मनूचा निषेध कागदावर उरतो.

महाभारताने मात्र पळवाट ठेवली नाही. कृष्ण उत्तरेच्या मृत बालकाला जिवंत करतो, आणि अश्वत्थाम्याला शाप देतो की, अंगाला रक्तपुवाची दुर्गंधी येत असता, सर्व व्याधी वागवीत, कोणाशी एक शब्द न बोलता तू तीन हजार वर्षे पृथ्वीवर भटकशील. आमच्या लोकांनी ही कथा इतकी मनावर घेतली की नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या अस्तंभा शिखरावर दिवाळीत त्याच्या नावाने यात्रा भरते, आणि नर्मदाकाठी भाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो अजून फिरतो असे परिक्रमावासी सांगतात. म्हणजे व्यासांच्या न्यायात न भरणारी जखम अस्त्र सोडणाऱ्याच्या भाळी राहिली आणि गर्भ वाचला.

इतिहासात हा न्याय नेमका उलटला. क्लोरीनचा हल्ला ज्याने उभा केला त्या फ्रिट्झ हाबरला अमोनियाच्या संश्लेषणासाठी 1918 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने 1961 ते 1971 या काळात सात कोटी लिटरांहून अधिक वनस्पतिनाशके फवारली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक ‘एजंट ऑरेंज’, आणि त्यात मिसळलेले डायॉक्सिन मातीत, तळ्यांतल्या माशांत आणि स्तन्यात उतरले. फवारणी थांबल्यानंतर पुष्कळ वर्षांनी जन्मलेल्या, वाकड्या मणक्याच्या आणि हातपाय नसलेल्या मुलांना हो ची मिन्ह शहरातील तू दू रुग्णालयात सांभाळले जाते. ज्या अमेरिकन सैनिकांना या द्रव्याची बाधा झाली त्यांना उत्पादक कंपन्यांनी 1984 साली अठरा कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांच्या मुलांपैकी ज्यांना मणक्याचा जन्मजात विकार होता त्यांच्यासाठी 1996 साली अमेरिकी कायद्याने तरतूद केली. आणि व्हिएतनामी पीडितांची फिर्याद ब्रुकलिनच्या न्यायालयाने 2005 साली खारीज केली, कारण ते द्रव्य तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार विष ठरत नव्हते. एकाच द्रव्याने केलेली हानी एका देशाच्या दप्तरात दाखल होते आणि दुसऱ्याच्या दारात बेवारस पडून राहते.

येथे आपल्या धर्मविचाराची कसोटी लागते. तू दू मधील त्या मुलाकडे पाहून आपल्यातील एखादा सज्जन, अगदी कनवाळू अंतःकरणाने, हे त्याच्या पूर्वजन्मीचे भोग असे म्हणून जाईल. आणि असे म्हणताना त्याच्या ध्यानीही येणार नाही की आपण विमान चालविणाऱ्याला, हुकूम देणाऱ्याला आणि पिंपे भरून विकणाऱ्याला एका वाक्यात दोषमुक्त केले आहे. कर्मसिद्धांताचा मी अनादर करीत नाही; करशील ते तुझ्याकडे परत येईल, ही करणाऱ्याला दिलेली ताकीद या अर्थाने त्याच्याइतका कठोर नीतिनियम दुसरा नाही. परंतु हीच ताकीद उलटी फिरवून सोसणाऱ्याच्या तोंडावर मारली, की तिचा अधर्म होतो. जो सिद्धांत कर्त्यासाठी आहे तो भोक्त्यावर चालविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हाबरला 1933 मध्ये यहुदी म्हणून जर्मनी सोडावी लागली, पुढच्याच वर्षी तो परदेशी वारला, आणि त्याच्या संस्थेतील कीटकनाशकांच्या संशोधनातून निघालेला झायक्लॉन वायू पुढे छळछावण्यांत त्याच्याच जातबांधवांवर सोडला गेला. यात कर्मविपाक पाहणारे लोक मला भेटले आहेत. मला त्यात तो दिसत नाही, कारण त्या कोठड्यांत गुदमरलेल्या लेकरांनी ईप्रला कोणतेच नळकांडे उघडले नव्हते.

म्हणून या विषयावरील कवितेचे कार्य मला पुराणकाराच्या शापासारखे वाटते: जखम कोणाच्या नावे लिहावयाची याची रुजुवात ती करते. 16 मार्च 1988 रोजी इराकमधील कुर्दांच्या हलब्जा शहरावर वायूबॉम्ब पडले, सुमारे पाच हजार माणसे मेली, आणि वाचलेल्यांना आठवतो तो गोड सफरचंदांसारखा वास. त्या वेळी परागंदा होऊन स्वीडनमध्ये राहिलेल्या शेर्को बेकस या कुर्द कवीने ‘फुलपाखरांचे खोरे’ या आपल्या दीर्घ काव्यात त्या संहाराचा शोक केला. त्याचे इंग्रजी रूपांतर चोमान हार्दी या पुढच्या पिढीच्या कवयित्रीने केले. हार्दीचे काम मला अधिक धाडसी वाटते. तिने अन्फालमधून वाचलेल्या स्त्रियांच्या जबान्या वर्षानुवर्षे गोळा केल्या, त्यावर शास्त्रीय ग्रंथ लिहिला, आणि जे शास्त्रीय ग्रंथात मावले नाही ते त्या स्त्रियांच्याच आवाजात कवितांत लिहिले. त्या कवितांतील बाया वीरपत्नी नाहीत, हुतात्म्यांच्या माता म्हणून त्यांची पूजाही होत नाही. त्यांना खोकला आहे, कर्ज आहे, बेपत्ता नवऱ्याचा दाखला नाही, आणि शेजाऱ्यांचा संशय आहे. हुतात्म्याचा चबुतरा उभारणे सोपे असते. खोकणाऱ्या बाईला औषधाचे पैसे आणि कानभर ऐकणारे माणूस लागते. कर्त्याच्या नावे खाते उघडण्याचा एक प्रयत्न न्यायालयातही झाला: मस्टर्ड बनविण्याचा कच्चा माल इराकला पुरविणाऱ्या फ्रान्स व्हान आनरात या डच व्यापाऱ्याला हेगच्या न्यायालयाने 2005 साली युद्धगुन्ह्यात साथ दिल्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा दिली, आणि अपिलात ती सतरा वर्षे झाली.

आपलेही हात पूर्ण कोरडे नाहीत. रासायनिक अस्त्रांच्या बंदीचा करार 1997 साली अमलात आला, तेव्हा भारताने आपल्याजवळ 1,044 टन मस्टर्ड असल्याचे जाहीर केले, आणि 2009 पर्यंत तो सर्व साठा नष्ट केला. दिलेली मुदत पाळून असे करणारी राष्ट्रे थोडी आहेत आणि त्याचे श्रेय देशाला दिलेच पाहिजे, पण तो साठा केला होता हेही त्याच नोंदीत आहे. त्याआधी, ब्रिटिश अमदानीत, रावळपिंडीच्या छावणीत पोर्टन डाउन या ब्रिटनच्या रासायनिक अस्त्र-संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी शेकडो हिंदी शिपायांच्या अंगावर मस्टर्डचे प्रयोग केले होते, आणि काहींना भाजल्यामुळे इस्पितळात ठेवावे लागले होते. त्या शिपायांवर लिहिलेली एकही कविता माझ्या वाचनात आलेली नाही.

मराठी मासिकांचे संपादक आणि भाषांतरकार यांना माझी एक विनंती आहे. ओवेन आपल्याकडील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातून माहीत आहे, परंतु बेकस आणि हार्दी यांचे नावही मराठी वाचकाच्या कानावर फारसे पडलेले नाही. दिवाळी अंकांत दरवर्षी जी शेकडो पाने कवितेला दिली जातात, त्यांपैकी दहा-बारा पाने या कुर्द कवितांच्या चांगल्या मराठी भाषांतरांना द्यावीत. मूळ सोरानी कुर्दी भाषा येणारा कोणी मिळाल्यास उत्तमच, न मिळाल्यास इंग्रजीवरून सुरुवात करण्यास हरकत नाही. आणि मीर दस्त किंवा रावळपिंडीचे ते शिपाई यांच्यावर लिहिण्याचे काम कोणा मराठी कवीने अंगावर घेतले, तर ते आधी आपल्याच घरचे काम आहे.